पहाटेचं पाणी दुपारी तापवावं

नाशिकमध्ये एसीचं काम करणाऱ्याला हिवाळा म्हणजे बेकारी. दिवाळी झाली की फोन थंडावतात आणि होळीपर्यंत हातावर हात धरून बसायची वेळ येते. माझ्याबरोबरच्या बहुतेक मेकॅनिकांनी या चार महिन्यांसाठी काहीतरी जोडधंदा शोधला. कुणी वॉशिंग मशिनं उघडायला लागला, कुणी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायला. मी आयटीआयतून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून बाहेर पडलो आणि पहिले काही हिवाळे पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या प्रीकूलिंगवर रात्रपाळ्या केल्या. पुढे माझं पोट ज्या यंत्रावर चाललं, त्याची अक्कल तिथे आली. ‘हीट पंप’ हे नाव मात्र तेव्हा कानावरून गेलेलं नव्हतं.

निर्यातीची द्राक्षं बागेतून पेट्यांत भरून येतात तेव्हा दिवसभराचं ऊन त्यांच्या पोटात असतं. सहा-आठ तासांत ती चार अंशांपर्यंत उतरवायची आणि मग शून्याच्या आसपास ठेवायची, हे आमचं काम. मालातून ओढून काढलेली सगळी उष्णता कंडेन्सरचे पंखे रात्रभर बाहेर फेकत असत. जानेवारीच्या रात्री आम्ही पोरं त्या पंख्यांसमोर अंग शेकत उभी राहायचो, आणि पत्र्याच्या पलीकडे पॅकिंगच्या बाया तीन दगडांच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायच्या. इकडे टनावारी उष्णता वाऱ्यावर सोडायची आणि तिकडे काटक्या फुंकायच्या. पुढे एका मालकाने कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम गॅसच्या लाइनवर पाण्याची टाकी बसवून घेतली. क्रेट धुवायला, माणसांच्या अंघोळीला कढत पाणी मिळायला लागलं, तेही काडी न पेटवता. ती जोडणी करताना मी वरिष्ठ मिस्त्र्यांच्या हाताखाली होतो. कॉम्प्रेसरने पाणी तापवता येतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, त्या दिवशी हाताला चटका बसला.

घरगुती हीट पंप म्हणजे तेच काम छोट्या प्रमाणात. ज्यांना कळत नाही त्यांना मी फ्रीजकडे घेऊन जातो आणि मागच्या बाजूला हात लावायला सांगतो. फ्रीज आतल्या दुधाभाजीतली उष्णता काढून मागे सोडतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. कॉम्प्रेसर, कॉइल, गॅस, सगळं तेच. कल्पना तर फार जुनी. लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी ती १८५२ मध्ये मांडली होती. आपल्या गच्चीवर यायला तिला दीडशेहून जास्त वर्षं लागली, एवढंच.

हिशेबही सोपा आहे. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ वर न्यायचं तर ७,००० किलोकॅलरी लागतात. विजेच्या एका युनिटात ८६० असतात. म्हणजे गिझर कितीही भारी घेतला तरी आठ युनिटं जळणारच. हीट पंप विजेने पाणी तापवत नाही, हवेतली उष्णता ओढायला तेवढी वीज वापरतो. म्हणून तेच काम अडीच-तीन युनिटांत होतं. महावितरणचं बिल स्लॅबचं. वापर वाढत जातो तसा पुढच्या युनिटांचा दर चढतो. त्यामुळे मोठ्या कुटुंबात जी युनिटं वाचतात ती नेमकी महाग स्लॅबमधली असतात. ग्राहकाला हे वाक्य सांगितलं की तो पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसतो.

घरांच्या आधी मी हॉटेलं आणि लॉज केले. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी नाशिक-त्र्यंबकला लॉजवाल्यांची घाई उडाली होती. सिंहस्थाची स्नानं येतात श्रावण-भाद्रपदात. त्या वर्षीचं पहिलं शाहीस्नान २९ ऑगस्टला होतं. त्र्यंबकचा श्रावण ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको: आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि गच्चीवरचे सोलर नुसते पावसात भिजत उभे असतात. यात्रेकरू गोदावरीत गार पाण्याने स्नान करतो, पण खोलीवर परतला की त्याला बादलीभर गरम पाणी लागतंच. डिझेलचे बॉयलर महाग पडत, लाकडांचे बॉयलर धुराने शेजारच्यांशी भांडणं लावत. हीट पंपाला ऊन नको, हवा पुरते. पावसाळी हवेत तर उष्णता चांगलीच असते. त्या हंगामात केलेल्या कामांवरून तोंडी जाहिरात झाली आणि मग गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा भागांतल्या बंगल्यांतून बोलावणी यायला लागली.

लॉज आणि घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लॉजचा मालक फक्त डिझेलचं बिल बघतो. घरात प्रत्येकाची अंघोळ वेगळी. आजोबांना पाच वाजता कढत पाणी लागतं, त्यात ते स्वतःच्या हाताने विसण घालणार. मुलाला ऑफिसच्या आधी शॉवर. सुनेला सगळ्यांचं आवरल्यावर, म्हणजे साडेदहाला. एका घरात आजींनी मला सरळ विचारलं, “एवढा मोठा डबा लावतोस, पण माझं पाणी गिझरइतक्या लवकर तापणार का?” खरं उत्तर ‘नाही’ असं होतं, आणि मी तेच दिलं. हीट पंप संथ आहे. गिझर दहा-पंधरा मिनिटांत बादली देतो. याला टाकी तापवायला तास लागतात. म्हणून त्याला मोठी, जाड पफचं आवरण असलेली टाकी लागते, आणि पाणी लागण्याच्या बऱ्याच आधी कामाला लावावं लागतं. किती आधी, हा प्रश्न मला एका ग्राहकाने सोडवून दिला.

इंदिरानगरच्या एका रो-हाउसमध्ये हे काका राहत. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्या काळी घरोघरी टायमर पहाटे तीन-चारचा लावलेला असायचा. गिझरची सवय तशी होती: पाणी सहाला लागतं, तर चारला बटण चालू. काकांकडेही तसाच होता. सर्व्हिसला गेलो तेव्हा त्यांनी मला चहाच्या आधी शंभर पानी वही दाखवली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, मशिन सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, बाहेरचा पारा, टाकीचं तापमान, मीटरचं रीडिंग. मशिनला वेगळा छोटा मीटर त्यांनी स्वतः बसवून घेतला होता. निम्म्या पानांवर पहाटेच्या नोंदी, निम्म्यांवर दुपारच्या. पहाटे बाहेर पारा नऊ-दहा. मशिन साडेचार तास चाललं, साडेतीन युनिटं. दुपारी एकला पारा अठ्ठावीस. पावणेतीन तास, सव्वादोन युनिटं. टाकी तीच, पाणी तेवढंच. रात्रभरात टाकी पाचेक अंशांनी उतरते, तो तोटाही त्यांनी लाल शाईने वेगळा धरला होता. तो वजा करूनही दुपारचंच पारडं जड.

“पहाटेच्या हवेत उष्णताच कमी असते, मग तिथून ओढायची कशाला?” काका म्हणाले. मला थिअरी पाठ होती. बाहेरची हवा जितकी गार तितका कॉम्प्रेसर जास्त राबतो, हे कुठल्याही आयटीआयच्या पोराला विचारा. पण नाशिकच्या थंडीचा खास गुण मी कधी त्या थिअरीशी जोडून पाहिला नव्हता. आपल्याकडे जानेवारीत पहाट आणि दुपार यांत अठरा-वीस अंशांचं अंतर असतं. आकाश निरभ्र, हवा कोरडी. रात्री जमीन भराभर निवते आणि दुपारी तितकीच तापते. पहाटे कानटोपी घालून फिरणारा माणूस दुपारी पंखा लावून झोपतो. थंडीच्या देशातला हीट पंप दिवसरात्र गारठ्याशी झगडतो. आमच्याकडे रोज दुपारी चार-पाच तास फुकटचा उन्हाळा असतो. तेवढ्यात टाकी भरून घ्यायची आणि झाकून ठेवायची, इतकंच करायचं.

त्या दिवसापासून मी जिथे जिथे गेलो तिथले टायमर दुपारी एक ते चारवर आणले. विरोध झाला. “दुपारी तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत शिळं नाही का होणार?” असं एका ताईंनी विचारलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा हंड्यातलं पाणी होतं. पहिल्या आठवड्यात फोन येतात, दुसऱ्यात थांबतात, आणि महिन्याचं बिल आलं की शेजाऱ्याचा नंबर येतो. आता तर दुपारला आणखी दोन कारणं जोडली गेली आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हणून गच्च्यांवर सौर पॅनल दिसायला लागले. छपरावरची दुपारची वीज तिथल्या तिथे पाण्यात साठवता येते. आणि ज्यांच्याकडे टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणारे, मीटर आले आहेत त्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेत सवलतही मिळते.

काकांच्या वहीचा नियम मात्र सगळीकडे चालत नाही, हे मला निफाडने शिकवलं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ अंशांवर उतरला होता. द्राक्षबागांसाठी ती काळरात्र. अशा गारठ्यात मण्यांची फुगवण थांबते, साखर उतरत असलेल्या बागेत मणी तडकतात. शेतकरी बांधावर शेकोट्या पेटवतात, रात्री ठिबक चालू ठेवतात, म्हणजे जमिनीतला ओलावा थोडी ऊब धरतो. त्याच दिवसांत एका मळ्यातल्या वस्तीवरून भल्या पहाटे फोन आला. “भाऊ, मशिनीतून धूर निघतोय आणि खाली पाण्याचं तळं झालंय. बंद करू का?” 

मी म्हणालो, “बंद करू नका, फक्त वास घ्या. जळका वास येतोय का?” वास नव्हता. धूर नव्हताच तो, वाफ होती. बाहेरची हवा पाच-सहा अंशांच्या खाली गेली की कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतलं दंव तिच्यावर गोठतं. पाण्याने भिजलेल्या बागांच्या मधोमध तर हवेत दंव भरपूर. बर्फाचा थर जाड झाला की मशिन पाणी तापवणं थांबवतं, गरम गॅस उलटा कॉइलकडे फिरवतं आणि बर्फ वितळवतं. त्याची वाफ होते, पाणी खाली ठिबकतं. ही डिफ्रॉस्टची सोय त्या मशिनीत होती म्हणून बरं. स्वस्त मशिनांत ती नसते किंवा नावापुरती असते. नाशिक शहरात तिची गरज वर्षातून चार-दोन पहाटे पडते. निफाड, सिन्नर, कळवणच्या उघड्या माळावर मात्र मी ती बघितल्याशिवाय मशिन सुचवत नाही.

त्या वस्तीचा खरा प्रश्न दुसराच निघाला. घराला वीज होती ती शेतीच्या लाइनवरून. एका आठवड्यात लाइन दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. दुपारचा टायमर लावावा तर दर दुसऱ्या आठवड्यात दुपारी थ्री-फेज लाइनच नाही. आणि रात्री लाइन आली की त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू, त्यातून थंडीची लाट असेल तर विचारूच नका. व्होल्टेज दीडशेपर्यंत घसरतं. कॉम्प्रेसर घुर्र करतो आणि बसतो. असं दहा वेळा झालं की जळतो. तिथे आम्ही टायमर काढूनच टाकला. व्होल्टेजवर चालणारा रिले बसवला, दोनशेच्या वर गेलं आणि पाच मिनिटं टिकलं तरच मशिन सुरू होईल असा. टाकी दोनशेऐवजी तीनशे लिटरची घेतली, म्हणजे एकदा भरली की दीड दिवस पुरते. शहरात घड्याळ बघून चालवायचं यंत्र तिथे लाइन बघून चालवावं लागलं. घरमालकाच्या वडिलांनी तेवढ्यावरही विश्वास ठेवला नाही. तांब्याचा बंब त्यांनी पडवीत ठेवून दिला, आणि माझ्या मते योग्यच केलं.

बिघाडाच्या फोनांपैकी फार थोडे मशिनच्या बिघाडाचे असतात. एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये मला बोलावलं होतं. मशिन दुसऱ्या कुणी बसवलेलं, पाणी कोमटच्या पुढे जात नाही अशी तक्रार. मशिन धुण्याच्या बाल्कनीत होतं आणि घर सजवताना त्या बाल्कनीला चहूबाजूंनी सरकत्या काचा लावल्या होत्या. दार उघडलं तर एप्रिल महिन्यात आत गारेगार. मशिन आपणच सोडलेली थंड हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं; त्या चार फुटांतली उष्णता केव्हाच संपली होती. दोन कंपन्यांचे लोक येऊन गॅस भरून गेले होते. मी वरच्या दोन काचा काढायला सांगितल्या आणि गार हवा बाहेर जाईल असा पत्र्याचा डक्ट जोडला. संध्याकाळी पाणी तापलं. त्याच घरातल्या वहिनींनी पुढच्या पावसाळ्यात तो डक्ट घरात वळवून घेतला; हीट पंपाची हवा गार असते तशी कोरडीही असते, आणि न वाळणाऱ्या जीन्स त्यावर एका रात्रीत वाळतात. हा उपयोग मी तिथून उचलला आणि आता सगळ्यांना सांगतो.

पाइपचंही तसंच. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्याच्या मागच्या न्हाणीघरापर्यंत वीस मीटर पाइप असेल तर आधी पाच-सहा लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं, आणि नळ बंद केला की तेवढंच गरम पाणी पाइपात निवत पडतं. चार माणसांनी तासातासाने अंघोळ केली तर हीट पंपाने वाचवलेल्यातलं काही गटारात. म्हणून बांधकाम चालू असेल तर मी मालकापेक्षा प्लंबरशी जास्त बोलतो. टाकी न्हाणीघरांच्या जवळ आणा, गरम पाण्याची लाइन भिंतीत घालण्याआधी तिला फोमचं आवरण चढवा, लांबच्या न्हाणीघराला परतीची लाइन टाका. टाइल्स लागल्यावर यातलं काही होत नाही. मग ग्राहक म्हणतो, “मशिन तर चांगल्या कंपनीचं आहे हो.” मशिन चांगलंच असतं.

आमच्या धंद्याची परीक्षा नरकचतुर्दशीला होते. बाकी वर्षभर जे घर दोन तासांत विभागून अंघोळी करतं, ते त्या दिवशी उजाडायच्या आत, पाहुण्यांसकट, लागोपाठ करतं. उटणं काढायला पाणीही जास्त लागतं. ५५ अंशांच्या दोनशे लिटरांत विसण घालून साधारण तीनशे लिटर अंघोळीचं पाणी होतं. म्हणजे पंधरा-सोळा बादल्या. दहा माणसं असतील तर ते आठव्या माणसाला संपतं, आणि हीट पंप काही दहा मिनिटांत नवं देणार नाही. म्हणून वसुबारसेच्या आसपास मी जुन्या ग्राहकांना स्वतःहून निरोप पाठवतो: आदल्या दिवशी टाकी साठ अंशांवर लावा, आणि टाकीतला वीज-हीटर पहाटे दोन तास चालू ठेवा. जवळजवळ प्रत्येक टाकीत हा पूरक हीटर असतो. तो एरवी बंद असला पाहिजे. काही घरांत तो वर्षभर चालू राहिलेला मी पाहिला आहे. हीट पंप घेऊनही बिल कमी होत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा ते बटण बघतो.

पाण्याच्या क्षारांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. जुन्या शहरात गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते गोडं. नव्या वसाहतींत टँकर आणि बोअर. बोअरच्या पाण्यातले क्षार गरम कॉइलवर बसतात, आणि थर जसा जाड होतो तसा कॉम्प्रेसर जास्त वेळ राबतो. पोलादी टाकीत एक मॅग्नेशियमचा दांडा असतो, त्याला अ‍ॅनोड म्हणतात. पाणी टाकीचा पत्रा खाण्याऐवजी तो खातं. सिन्नर रस्त्यावरच्या एका फार्महाउसवर मी टाकी उघडली तेव्हा दांड्याची नुसती तार उरली होती, आणि टाकीला तळाशी पाझर लागला होता. नवा दांडा काही शे रुपयांना मिळतो, टाकी काही दहा हजारांना. बोअरचं पाणी असेल तर दांडा वर्षाला बघावा आणि तळाचा कॉक उघडून गाळ सोडावा. हे काम ग्राहक स्वतः करू शकतो.

या धंद्यात ‘नको’ म्हणायला शिकायला मला वेळ लागला, कारण दुकानाचं भाडं ‘हो’वर निघतं. पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे मला त्यांच्या नॉर्वेतल्या मुलाने पाठवलं. नॉर्वेत निम्म्याहून अधिक घरांना हीट पंप आहेत. त्याच्या घरी उणे पंधरातही त्यावरच खोल्या गरम राहतात. व्हिडिओ कॉलवर त्याने मला त्याचं मशिन दाखवलं, आजूबाजूला गुडघाभर बर्फ. आईवडिलांनाही तेच हवं, पैशांची काळजी करू नका, असं त्याचं म्हणणं. पण त्याच्या घराच्या भिंतींत वीतभर आवरण, खिडक्यांना तिहेरी काचा. इकडे आईवडिलांच्या वाड्याला झरोके, कौलांतून येणारा वारा, आणि थंडी म्हणाल तर वीसेक रात्री. त्या गोधडीत निघतात. राहिलं अंघोळीचं पाणी. दोघांचं मिळून साठ लिटर, गिझरला दोन-सव्वादोन युनिटं. हीट पंपाने फार तर दीड युनिट वाचलं असतं. लाखाच्या आसपासचं मशिन वसूल व्हायच्या आत म्हातारं झालं असतं. मी मुलाला तसं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या विजेच्या गिझरचं अर्थिंग तपासलं, ते तुटलेलं होतं, ते नीट करून दिलं. आणि न्हाणीघरात गॅस गिझरही होता तो काढायला लावला. बंद न्हाणीघरात गॅस गिझर म्हणजे वास नसलेला विषारी वायू. त्यात माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. तेवढी मजुरी मिळाली. त्याच मुलाने नंतर सांगून पाठवलेली तीन कामं मी केली, ती मोठ्या कुटुंबांची होती.

सोलरबद्दलही असंच. ज्याच्या मालकीची बिनसावलीची गच्ची आहे त्याने आधी सोलर वॉटर हीटर बघावा. नाशिकच्या उन्हात पावसाळा सोडला तर तो विजेशिवाय काम करतो आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. गच्ची सोसायटीची असेल, घर खालच्या मजल्यावर असेल, पाणी बारा महिने आणि भरपूर लागत असेल, तर हीट पंप. सात-आठ माणसांच्या घरात तो चार-पाच वर्षांत पैसे फेडतो. वसतिगृह, दवाखाना, मंगल कार्यालय यांना त्याहून लवकर. 

तेव्हा घ्यायचा असेल तर आधी हे करा. घरात रोज किती बादल्या गरम पाणी लागतं ते आठवडाभर मोजा. मशिनला मोकळी हवा कुठे मिळेल ते बघा, काचबंद बाल्कनी चालणार नाही. न्हाणीघरापर्यंतचा पाइप मोजा. पाणी बोअरचं असेल तर ते आधी तपासून घ्या. अर्थिंग नीट करून घ्या. मशिन बसलं की टायमर दुपारी एकचा लावा आणि पूरक हीटरचं बटण बंद ठेवा. आणि ज्याच्याकडून घेणार आहात तो तुमची मोरी, गच्ची आणि मीटर न बघता फोनवरच किंमत सांगत असेल, तर त्याच्याकडून घेऊ नका.